कौल मिळाला, पण कशाचा? ब्रेक्झिटच्या अंमलबजावणीवरील वादाविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ब्रिटनमधील जवळपास ५२ टक्के मतदारांनी जून २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, तरीही देश प्रत्यक्ष बाहेर पडायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. मग खासदार, न्यायाधीश आणि मोर्चे काढणारे नागरिक यांनी मिळून जनतेच्या निर्णयात खोडा घातला, असे म्हणायचे का? पुण्यातील आपल्या अभ्यासगटात यावरून दोन तट पडले आहेत, असेही आपण लिहिले आहे. मतमोजणी संपली तेथेच वाद संपायला हवा होता, असे एका बाजूचे म्हणणे आहे. इतक्या निसटत्या बहुमतावर एवढा मोठा निर्णय घेणेच गैर होते, असे दुसरी बाजू म्हणते.

मी शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करतो. सहकारी संस्था आणि स्थानिक पातळीवरील मतदाने यांचे वाद हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्याच्या जोडीला विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना राज्यघटना शिकवतो. या कामातून माझे जे मत बनले आहे ते असे, की आपल्या गटातील दोन्ही बाजू मूळ प्रश्नाच्या शेजारी उभ्या राहून वाद घालत आहेत. कौल मानायचा, याविषयी ब्रिटिश संसदेतील बहुसंख्य सदस्यांचे निदान सुरुवातीला दुमत नव्हते. कौलाने जे सांगितलेच नव्हते, ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावर खरा झगडा झाला आणि त्याचे उत्तर मतदानाआधी कोणीच ठरवून ठेवलेले नव्हते.

अशा प्रश्नांत बरेच काही त्या त्या देशाच्या घटनेवर आणि ज्या कायद्याखाली मतदान झाले त्या कायद्यावर अवलंबून असते, हे आधीच सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये किंवा आयर्लंडमध्ये सार्वमताने थेट घटनेचा मजकूर बदलतो. ब्रिटनमध्ये संसद सर्वोच्च असल्याने सार्वमताला तेवढेच कायदेशीर बळ असते, जेवढे संसदेने त्या विशिष्ट कायद्यात दिलेले असते. त्यामुळे ‘सार्वमत बंधनकारक असते का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. आपल्याला कायदाच उघडून पाहावा लागतो.

तो कायदा म्हणजे २०१५ चा युरोपीय संघ सार्वमत कायदा. मत कोणी द्यायचे, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, प्रचारावर खर्च किती करायचा, हे सारे त्यात आहे. निकाल लागल्यावर काय करायचे याविषयी मात्र एक ओळही नाही. हे ब्रिटनमध्ये अपरिहार्य होते असेही नाही. अवघ्या चार वर्षांपूर्वी, २०११ मध्ये, तेथे खासदार निवडण्याची पद्धत बदलावी का यावर सार्वमत झाले होते, आणि त्या वेळच्या कायद्यात नव्या पद्धतीचा संपूर्ण मसुदा आधीच लिहिलेला होता. ‘होय’ची मते जास्त पडली तर मंत्र्याने त्या तरतुदी लागू करण्याचा आदेश काढला पाहिजे, असे बंधन त्यात होते. म्हणजे कौलाला दात कसे द्यायचे हे संसदेला ठाऊक होते. २०१५ मध्ये तिने ते दिले नाहीत.

दुसरीकडे, सरकारने एप्रिल २०१६ मध्ये घरोघरी जे पत्रक पाठवले त्यात, निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही जे ठरवाल त्याची अंमलबजावणी सरकार करील, असे स्पष्ट आश्वासन होते. सगळ्या गुंतागुंतीचे मूळ मला येथे दिसते. कायद्याने कौल सल्लावजा होता, पण राजकीय वचनाने तो बांधील होता. मतदाराने पत्रक वाचून मत दिले, न्यायालयाने कायदा वाचून निकाल दिला, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

२३ जून २०१६ रोजी बाहेर पडण्याच्या बाजूने १,७४,१०,७४२ आणि संघात राहण्याच्या बाजूने १,६१,४१,२४१ मते पडली. मतदान ७२ टक्क्यांच्या वर होते. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी दुसऱ्याच दिवशी पद सोडत असल्याचे जाहीर केले, आणि ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांच्याऐवजी थेरेसा मे यांच्यावर उत्तर अमलात आणण्याची जबाबदारी आली.

न्यायालयाचा भाग आपल्या गटातील पहिल्या बाजूला सर्वांत जास्त खटकलेला दिसतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सरकारविरुद्ध न्यायालयात गेलेल्या नागरिक जिना मिलर यांच्या याचिकेतील मुद्दा ब्रिटनने बाहेर पडावे की नाही हा नव्हताच. युरोपीय संघाच्या लिस्बन कराराच्या ५० व्या कलमाखाली बाहेर पडण्याची नोटीस सरकार स्वतःच्या अधिकारात देऊ शकते की त्याला संसदेच्या कायद्याची गरज आहे, एवढाच प्रश्न होता. संसदेने संघात सामील होण्यासाठी केलेल्या १९७२ च्या कायद्याने जे हक्क नागरिकांना दिले, ते मंत्री एका पत्राने काढून घेऊ शकत नाहीत, असे जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने असाच निकाल दिला तेव्हा एका मोठ्या वृत्तपत्राने न्यायाधीशांची छायाचित्रे पहिल्या पानावर छापून त्यांना ‘जनतेचे शत्रू’ ठरवले. मला हे मनापासून निषेधार्ह वाटते. निकालानंतर काय झाले ते पाहा : सरकारने छोटेखानी विधेयक आणले, लोकसभागृहाने म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सने ते ४९४ विरुद्ध १२२ मतांनी मंजूर केले, आणि २९ मार्च २०१७ रोजी नोटीस गेली. न्यायालयाने कौल अडवला असता तर असे घडले नसते. उलट, पुढे कोणालाही आव्हान देता येणार नाही असा भक्कम पाया त्या निकालाने घालून दिला.

मग अडले कोठे? येथे मी माझ्या रोजच्या कामातील एक उदाहरण देतो, कारण पुण्यातील वाचकाला ते लगेच ओळखीचे वाटेल. जुन्या इमारतीची गृहनिर्माण संस्था सर्वसाधारण सभेत ‘इमारतीचा पुनर्विकास करावा’ असा ठराव मांडते, सूचक आणि अनुमोदक मिळतात, हात वर होतात, ठराव बहुमताने मंजूर होतो आणि इतिवृत्तात तशी नोंद होते. खरे भांडण त्यानंतर सुरू होते. चटईक्षेत्र किती वाढवून मिळणार, तोपर्यंतचे भाडे कोण देणार, तळमजल्यावरच्या दुकानदारांचे काय, विकसक कोणता, बँक हमी किती, यांपैकी एकाही गोष्टीवर त्या पहिल्या सभेत मत घेतलेले नसते. ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना मोठी सदनिका हवी असते, काहींना फक्त उद्वाहन हवे असते, तर काहींना आपल्या ओळखीचा विकसक. म्हणूनच आपल्याकडे विकसक निवडण्यासाठी पुन्हा वेगळी सभा घ्यावी लागते, तिला निबंधक कार्यालयाने नेमलेला प्राधिकृत अधिकारी हजर असतो, सभेचे चित्रीकरण होते आणि नंतर करारनामा होतो. ‘पहिला ठराव झाला, आता मी आणीन त्या करारावर सह्या करा’ असे अध्यक्ष म्हणू लागले तर त्यांना कोणी ऐकणार नाही. त्याचबरोबर, पहिला ठराव झालाच नाही असे समजून प्रत्येक प्रस्ताव हाणून पाडणाऱ्या सभासदांनाही माझ्या लेखी मान नाही.

ब्रिटनमध्ये हा दुसरा टप्पा आखलेलाच नव्हता. मतपत्रिकेवर संघात राहायचे की बाहेर पडायचे, एवढेच विचारले होते. राहणे म्हणजे काय हे सर्वांना माहीत होते, कारण ते चालूच होते. बाहेर पडण्याचे मात्र निदान तीन-चार प्रकार होते. नॉर्वेसारखे संघाबाहेर राहून एकल बाजारपेठेत, म्हणजे समान नियमांच्या सामाईक बाजारात, सामील असावे, तर लोकांची मुक्त ये-जा मान्य करावी लागते आणि पैसेही भरावे लागतात. सीमाशुल्क संघात, म्हणजे आपापसांत आयातकर नाही आणि बाहेरच्या मालावर सर्वांचा एकच कर अशा व्यवस्थेत, राहावे, तर स्वतंत्र व्यापार करार करण्याची मुभा जवळजवळ संपते. कॅनडासारखा केवळ व्यापार करार करावा, तर सीमेवर तपासणी आली. काहीच करार न करता बाहेर पडावे, तर जागतिक व्यापार संघटनेचे नियम आणि बंदरांवर ट्रकच्या रांगा. प्रचारात ही निरनिराळी चित्रे निरनिराळ्या वक्त्यांनी रंगवली, आणि मोजताना मात्र त्या सर्वांची मते एकाच ढिगात पडली.

यांपैकी सर्वांत अवघड गाठ उत्तर आयर्लंडची होती, आणि इकडच्या चर्चांमध्ये ती फार थोडक्यात उरकली जाते असा माझा अनुभव आहे. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग. आयर्लंडचे प्रजासत्ताक हा युरोपीय संघाचा सदस्य. दोहोंमधील सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आहे आणि ती शेतांमधून, गावांमधून, काही ठिकाणी एकाच रस्त्याला अनेकदा ओलांडत जाते. कित्येक दशकांच्या हिंसाचारानंतर १९९८ मध्ये शांतता करार झाला, आणि ही सीमा रोजच्या जगण्यात जाणवेनाशी झाली, हे त्या शांततेचे मोठे फळ होते. आता ब्रिटन एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ दोन्ही सोडणार असेल तर मालाची तपासणी कोठे तरी व्हायलाच हवी. जमिनीवरच्या सीमेवर चौक्या उभारल्या तर शांततेला धक्का. समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उर्वरित ब्रिटन यांच्यामध्ये तपासणी ठेवली तर एकाच देशाच्या दोन भागांत भिंत. आणि दोन्ही नको असतील तर साऱ्या ब्रिटनला युरोपच्या नियमांना चिकटून राहणे भाग. तिन्हींपैकी काहीतरी सोडावे लागणार होते. काय सोडायचे हे मतपत्रिकेने सांगितले नव्हते, आणि उत्तर आयर्लंडच्या मतदारांना विचारावे तर त्यांच्यातील जवळपास ५६ टक्के लोकांनी संघात राहण्याच्या बाजूनेच मत दिले होते.

मे यांनी संसदेत सहमती तयार होण्याआधीच नोटीस दिली, आणि नोटिशीबरोबर दोन वर्षांची मुदत सुरू झाली. जून २०१७ च्या मध्यावधी निवडणुकीत त्यांनी स्वतःचे बहुमतही गमावले. त्यांनी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला गेला. या ४३२ जणांकडे नीट पाहिले पाहिजे. त्यांत संघात राहू इच्छिणारे होते, नरम अटींवर बाहेर पडू इच्छिणारे होते आणि हा करार फारच मवाळ आहे असे मानणारे बाहेर पडण्याचे कट्टर पुरस्कर्तेही होते. खुद्द मे यांच्या पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले. ‘राहू इच्छिणाऱ्यांनी ब्रेक्झिट अडवला’ हे म्हणणे या आकड्यापुढे टिकत नाही. मार्च अखेरीस खासदारांनी आठ पर्यायांवर सभागृहाचा कल अजमावण्यापुरते, बंधनकारक नसलेले मतदान घेतले, तेव्हा एकालाही बहुमत मिळाले नाही. १ एप्रिलला पुन्हा चार पर्याय ठेवले. सीमाशुल्क संघाचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडला आणि करारावर पुन्हा जनमत घेण्याचा पर्याय २८० विरुद्ध २९२ असा पडला. प्रत्येक पर्यायाविरुद्ध बहुमत होते, कोणत्याही पर्यायाच्या बाजूने नव्हते. नरम पर्यायांच्या पुरस्कर्त्यांनी त्या संध्याकाळी एकमेकांच्या प्रस्तावांना मते दिली असती तर बहुधा मार्ग निघाला असता. आपला आवडता पर्याय जिवंत ठेवण्यासाठी त्यांनी दुसऱ्याचा पाडला. मी संसदेचा बचाव करतो आहे तो तिच्या अधिकाराचा. त्या आठवड्यांतील तिच्या वागण्याचा नव्हे.

आता आपल्या गटातील दुसऱ्या बाजूकडे वळतो. बहुमत निसटते होते म्हणून कौल दुबळा, किंवा १ कोटी ७४ लाख ही एकूण नोंदणीकृत मतदारांच्या जेमतेम ३७ टक्के संख्या होती म्हणून तो ग्राह्य नाही, हे युक्तिवाद मला पटत नाहीत. अट घालायची तर ती मतदानाआधी घालावी लागते. आपल्याच राज्यात याचा चांगला नमुना आहे. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी जे मतदान होते, ज्याला सगळे ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात, त्याच्या ज्या प्रकरणांत मी काम केले त्यांत नियम असा होता, की नोंदणी झालेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. झालेल्या मतांचे निम्मे चालत नसे. त्यामुळे कामाला बाहेरगावी गेलेल्या, आजारी असलेल्या, यादीत नाव असूनही गाव सोडलेल्या बायकांचे मतही प्रत्यक्षात दुकानाच्या बाजूने मोजले जाई. आडव्या बाटलीला दुपटीने मते पडूनही दुकान चालू राहिले आणि मतमोजणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बायका हताश होऊन परतल्या, हे मी पाहिले आहे. त्यांना तो नियम अन्यायकारक वाटला आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण निकालाचा अर्थ काय याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती, कारण कोणते दुकान, किती मते आणि पुढे आदेश कोणी काढायचा, हे तिन्ही मुद्दे आधीच ठरलेले होते.

ब्रिटनला हेही नवे नव्हते. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी झालेल्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा, अशी अट होती. ‘होय’ला झालेल्या मतांपैकी ५१.६ टक्के मते मिळूनही ती एकूण मतदारांच्या ३२.९ टक्केच भरली आणि योजना बारगळली. २०१६ मध्ये अशी अट कायद्यात नव्हती, तेव्हा एका मताचे आधिक्यही पुरेसे होते. आयर्लंडमध्ये नोव्हेंबर १९९५ मध्ये घटस्फोटाला परवानगी देण्याचे सार्वमत केवळ ९,११४ मतांनी, म्हणजे ब्रेक्झिटपेक्षा कितीतरी निसटत्या फरकाने मंजूर झाले. त्याविरुद्धची याचिका न्यायालयाने फेटाळली आणि घटस्फोट कायदेशीर झाला. तेथे वर्षानुवर्षे पेच का पडला नाही? माझ्या मते याचे मुख्य कारण असे, की मतदारांपुढे घटनादुरुस्तीचा नेमका मजकूर होता. मागील पाच वर्षांपैकी चार वर्षे पती-पत्नी वेगळे राहिलेले असले पाहिजेत, ही अटसुद्धा त्यात लिहिलेली होती. देश तेथेही दुभंगलेला होता, चर्चचा विरोध तीव्र होता. पण ‘होय’ म्हणजे काय यावर भांडायला जागा उरलेली नव्हती.

विरोध करत राहणे लोकशाहीविरोधी होते का, हा आपला शेवटचा प्रश्न. लंडनमध्ये लाखोंचे मोर्चे निघाले, ५० व्या कलमाची नोटीस मागे घ्यावी या मागणीच्या अर्जावर मार्च २०१९ मध्ये ६० लाखांहून अधिक सह्या झाल्या. मत बदलण्याचा आणि बदलायला सांगण्याचा अधिकार निवडणूक हरल्याने जात नाही, तसा सार्वमत हरल्यानेही जात नाही. तयार झालेल्या करारावर दुसरे मतदान मागणे मला पूर्णपणे रास्त वाटते, कारण त्यात मतदाराला प्रथमच ठोस मजकूर दिसला असता. मात्र काही न करता नोटीस मागे घ्या, ही मागणी मला मान्य नव्हती. सरकारने लेखी वचन देऊन लोकांना विचारले होते. उत्तर आवडले नाही म्हणून ते परस्पर रद्द केले असते, तर एरवी कधी मतदानाला न जाणारे जे लोक त्या दिवशी रांगेत उभे राहिले, त्यांचा मतपेटीवरचा विश्वास कायमचा गेला असता. हेच माप मी दुसऱ्या बाजूलाही लावतो : २०१९ च्या शरद ऋतूत, मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसदच पाच आठवड्यांसाठी स्थगित करण्याचा मार्ग काढला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवला, आणि जनतेच्या नावाने जनतेच्या प्रतिनिधींना गप्प करण्याचा तो प्रयत्न होता असे मी मानतो.

पेच सुटला तो डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीने. जॉन्सन यांच्या पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा मिळाल्या, त्यांचा करार मंजूर झाला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. आयरिश सीमेचे त्रांगडे तपासणी समुद्रात नेऊन सोडवले गेले. त्याच कारणाने उत्तर आयर्लंडमधील एक प्रमुख पक्ष फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे प्रादेशिक सरकारमध्ये बसला नाही, आणि २०२३ मध्ये युरोपशी नवा समझोता करावा लागला. मतपत्रिकेने जे विचारले नव्हते, त्याची किंमत अशी हप्त्याहप्त्याने चुकवली जात होती.

हरलेल्या बाजूने काय करावे याचे जे उदाहरण मी विद्यार्थ्यांना देतो, ते आपल्या शेजारचेच आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे विलीनीकरणाचे प्रमुख पुरस्कर्ते. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून त्यांचे सरकार आधीच पायउतार झाले होते. महाराष्ट्रात, पुण्यातही, त्या निकालाने अनेकांचा विरस झाला. यथास्थिती जिंकल्याने अंमलबजावणीचा प्रश्न तेथे सोपा होता, हा फरक मी नाकारत नाही. फूल जिंकले असते तर संसदेला नवा कायदा करून जागा, नोकऱ्या, भाषा यांची घडी बसवावी लागली असती आणि कदाचित तेथेही असाच घोळ झाला असता. पण काही महिन्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या. म्हणजे त्याच मतदारांनी विलीनीकरण नाकारले आणि राज्यकारभार मात्र विलीनीकरणवाद्यांच्याच हाती दिला. बांदोडकरांनी दोन्ही कौल स्वीकारले आणि जो प्रदेश त्यांना महाराष्ट्रात मिळवायचा होता, त्याचाच कारभार ते १९७३ मध्ये निधन होईपर्यंत पाहत राहिले.